ऊन फुकट असतं

१ मार्च
वीज कंपनीची लाइन आज कायमची तोडून घेतली. वायरमनने दोनदा विचारलं, नक्की ना? मी नुसता हसलो. गच्चीवर सोलार पॅनल, जिन्याखाली बॅटऱ्या. ऊन फुकट, म्हणजे वीज फुकट. शेंबड्या पोरालाही कळेल. बाबांना कळलं नाही. बॅटऱ्याही उन्हातूनच आल्या का, म्हणाले. वय झालं.

३१ मार्च
हिशेब केला. सिस्टिमच्या किमतीचा महिन्याचा वाटा भागिले वापरलेली युनिट्स. दर वीज कंपनीच्या तिप्पट आला. कॅल्क्युलेटर बदलून पाहिला. तेवढाच.

१ एप्रिल, पहाटे
चूक सापडली! सिस्टिमची नाही, घरच्यांची. महिनाभर मी बॅटरी जपा म्हणून ओरडलो आणि ही माणसं खरंच जपत बसली. खर्च ठरलेला आहे. युनिट्स वाढली की दर उतरणार. आजपासून कडक नियम: सढळ हाताने वापरा.

९ एप्रिल
इस्त्री, पंप, वॉशिंग मशीन एकदम चालू. धुवायला कपडे उरले नाहीत, असं बायको म्हणाली. धुतलेलेच परत टाकायला लावले. तिचं वेगळंच टुमणं: हॉस्पिटलच्या पडद्यांची ऑर्डर शनिवारी द्यायची आहे, पहिलीच मोठी ऑर्डर, संध्याकाळी शिलाई मशीन चाललं पाहिजे. म्हटलं, निर्धास्त राहा, मी आहे ना.

१२ एप्रिल, शुक्रवार
ढगाळ. सोलारवाला ढगांबद्दल बोलला होता, पण मोघम. नियम तो नियम, दिवसभर इस्त्री तापवली. संध्याकाळी सातला बॅटरीने मान टाकली. निम्मे पडदे बाकी. बायको पडदे गुंडाळून बहिणीकडे निघाली. मशीन बाबांनी उचललं. मी टॉर्च दाखवला. तेवढं तरी केलं.

१४ एप्रिल
पडदे वेळेवर पोचले. बाबांचा फोन होता, तेही तिथेच राहिलेत. कधी येताय विचारलं तर त्यांनी फोन तिथल्या चालू पंख्याजवळ धरला.

३० एप्रिल
कडक ऊन. बॅटरी रोज शंभर टक्के. सिस्टिम उत्तम आहे, हे नमूद करतो. वापरायला एकटा मी. गेल्या पंधरवड्याचा दर वीज कंपनीच्या अकरा पट.

दर उतरवायला सगळ्या खोल्यांतले दिवे, पंखे लावले. हॉलमध्ये बसून पाहिलं. करमेना. पंखे बंद केले. दिवे राहू दिलेत. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटेल, घरात माणसं आहेत.