चार बोटं राखून

बजाजनगर
१८ मार्च २०२५

चि. सौ. अपेक्षा,

थोरल्या जावेचा आशीर्वाद. दिपालीचं बाळंतपण सुखरूप पार पडलं. नात बापावर गेली आहे, नाक तेवढं आपल्या घरचं. तुझं पाठदुखीचं कसं आहे? शेळ्यांना लस टोचून घेतलीस का?

काल कडुबा भावजींचा फोन आला होता. म्हणाले, "वैनी, घासाचं नवं बीच भारी निघालं. आईच्या बियाचा वाफा शनिवारी मोडायलोत. अपेक्षाच म्हणली, ठिवून उपेग नाय." मी "व्हय का" म्हटलं आणि फोन ठेवला. पुढं बोलायला जीभ रेटली नाही, म्हणून लिहिते आहे.

तो वाफा मोडू नकोस.

शेतीखात्याच्या मोनिका मॅडमनी आपल्या बायांच्या गटाला शेळ्यांच्या चाऱ्यासाठी लसूणघासाचे दोन वाफे घालून दिले, आपल्या रानात आणि पाण्यावर कोणतं बी टिकतं ते बघायला. नवं बी माझ्याकडं, आत्याबाईंचं घरचं तुझ्याकडं. पहिल्या कापणीला तुझा भारा जड भरला. मॅडमनी तुझा फोटो काढला, बायांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण पोटात जळत होतं.

फोटो हे निमित्त. अठरा वर्षं थोरली सून म्हणून आत्याबाईंच्या शेळ्या मी राखल्या, आणि शेवटच्या दुखण्यात बियाचं बोचकं त्यांनी तुझ्या ओटीत घातलं. तुला या घरात येऊन तीन वर्षंही झाली नव्हती. चारचौघींत मला म्हणाल्या, "रूपा, तुझा हात लई घाईचा हाय. बी तिच्याकडं ऱ्हाऊ दे." ते मी अजून विसरले नाही.

दुसऱ्या कापणीला तू माहेरी होतीस. तुझाही वाफा कापते असं मी आपणहून म्हटलं. घास कापताना बुडाशी चार बोटं राखायची, तरच फुटवा येतो, हे आत्याबाईंनी आपल्या दोघींना शिकवलेलं. माझ्या वाफ्यात मी चार बोटं राखली. तुझ्या वाफ्यात विळा मातीला टेकवून बुडखेसुद्धा सोलून काढले. घाईत झालं असं म्हणायलाही जागा नाही, ओळीमागून ओळ मी सावकाश कापली. त्या दिवशी तुझा भारा उलट जास्तच भरला, त्यामुळं कुणाला शंका आली नाही. तू आल्यावर म्हणालीस, "ताई, लई कष्ट घेतले तुमी."

तिसऱ्या कापणीला तुझ्या वाफ्यात मूठभर घास निघाला. मॅडमनी लिहून घेतलं, घरचं बी लवकर दमतं. तू सगळ्यांपुढं म्हणालीस, "माझंच पाणी चुकलं आसंल." मी तुझ्या शेजारीच उभी होते आणि गप्प राहिले.

बोचक्यातलं सगळं बी आपण पेरून बसलो आहोत. आता जे बुडखे तगले असतील, तेवढंच आत्याबाईंचं बी उरलं आहे. त्यांना विळा लावू नका. फुलावर येऊ द्या, बी धरू द्या.

हे पत्र जावईबापू खंडेराव यांच्या हाती पाठवते आहे. भावजींना दाखव, मॅडमना दाखव. तुला संकोच वाटला तर मी आल्यावर गटात स्वतः वाचून दाखवीन.

माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, आणि तुझ्या त्या मोठेपणाचाही मला हेवा वाटेल. बी जगलं तर तुझ्याकडंच ठेव. मी मागितलं तरी मला देऊ नकोस.

तुझ्यावर अजूनही जळणारी,
तुझी थोरली जाऊ,
रूपा