तिसऱ्या दिवसाचा पहारा

आबा, मी जिनिंग मिलच्या आवारात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलोय. समोर कापसाच्या गाठी आहेत, तुमच्या पद्धतीने एकमेकींपासून हातभर लांब मांडलेल्या. दुपारचे तीन वाजत आलेत, आणि आगीचा आज तिसरा दिवस. तिसरा दिवस म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. मला रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. युनियनच्या ऑफिसात माझा फोटो लागला आणि त्याच्यावर कोळ्याने जाळंही धरलं. तरी इथं आल्या आल्या पहिलं काय केलं असेल, तर वारा कुठून येतो ते बघितलं. सवय तुम्ही लावलेली, मेलो तरी जायची नाही.

मी तुमच्या हाताखाली आगीच्या बंबावर नवा लागलो तेव्हाची धुळे रस्त्यावरची ती आग तुम्हाला आठवत असेल. गाठींवर आम्ही इतकं पाणी मारलं की आवारात चिखल झाला. धूर संपला, मालकाने हात जोडले, मी पाईप गुंडाळत शीळ घालतोय, आणि तुम्ही मात्र एकेका गाठीपाशी थांबून तिला उलटा हात लावत चाललात, घरात कुणाला ताप आहे का बघावं तसं. एका गाठीशी थांबलात. बाहेरून ती ओलीचिंब, गार. तुम्ही मला जवळ बोलावलंत आणि आगीबद्दल म्हणालात, "मरनी नही, झोपेल शे." मग कुऱ्हाडीने पट्टी तोडलीत. गाठ उसवली आणि आत रुई लालभडक, नुसता निखारा. धूर नाही, आवाज नाही. आत बसून ती खात होती. त्या दिवसापासून तीन दिवसांचा पहारा मी डोळ्यांनी बघितला. गाठी सुट्या मांडायच्या, दोन माणसं बसवायची, सकाळ-दुपार-संध्याकाळ प्रत्येक गाठीला हात लावायचा. कागदावर हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. पण आपल्या बंबावर तो कायदाच होता, आणि कळण्याची भाकरी नि ठेचा खात आपण तो पाळायचो.

पुढं मला पुढारीपणाची खाज सुटली. जीभ चालायची, आणि तेव्हा चीड आणणारी गोष्टही होती: चोवीस तासांची ड्युटी, घरी जायचं ते कपडे बदलायला. संप मी पुकारला, बंबासमोर उपोषणाला मी बसलो, आणि आठ तासांची पाळी मी आणली. खोटी नम्रता कशाला, आणलीच. तुम्ही त्याच्या वर्षभर आधी रिटायर झाला होतात. शेवटच्या बैठकीत साहेब सहज बोलल्यासारखं बोलले, की आठ तासांची पाळी म्हटल्यावर तीन दिवसांचा पहारा त्यात बसत नाही. आग विझली असा शेरा दिला की बंब परत, पुढची राखण मालकाची. मी म्हटलं, बरोबर आहे. सही ठोकली. गुलाल अंगावर घेऊन थेट तुमच्या घरी आलो. अक्का चुलीवर वांगी भाजत होत्या, तुम्ही खाली बसून लसूण सोलत होतात. मी उभ्या उभ्या सगळं भाषणच ठोकलं. शाबासकीला पाठ पुढं करून उभा होतो म्हणा ना. तुम्ही एवढंच विचारलंत, पहाऱ्याचं काय. मी सांगितलं. लसणाची पाकळी ताटलीत टाकून तुम्ही म्हणालात, "तुले आठ तास भेटनात. पहारा गया."

अक्कांनी भरीत वाढलं. मी जेवलो, पण चव आठवत नाही. घरी जाताना तुमचा रागच आला होता मला. म्हटलं, म्हाताऱ्याला पोरांचं सुख बघवत नाही.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात एका जिनिंगला आग लागली. आमच्या पाळीने ती विझवली, मी शेरा दिला, बंब परत आला. मालकाने आपल्या रखवालदाराला गाठींपाशी बसवलं. त्याला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. थंडी कडाक्याची पडली होती, आणि गाठींना ऊब येत होती. तो गोणपाट अंथरून गाठींवरच झोपला. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तेव्हा गाठी आतून पेटून गेल्या होत्या; त्याला उचलायला चार माणसं लागली नाहीत, दोघांनी भागलं. मी त्यातला एक होतो. स्मशानात तुम्ही माझ्या शेजारी येऊन नुसते उभे राहिलात. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, आबा. आठ दिवसांनी घरी बोलावून तुम्ही मला तुमचा चामड्याचा हातमोजा दिलात, एकच, डाव्या हाताचा. उजवा कुठंय विचारलं, तर म्हणालात, उजवा हात उघडाच ठेवायचा असतो. त्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

नंतर मी वीस वर्षं पुढारी होतो. बूट मिळवले, गणवेश मिळवले, बंबावर पोरी घ्यायला लावल्या. मागण्यांची यादी दरवर्षी मीच लिहायचो. पहारा पुन्हा सुरू करा, ही मागणी तीत एकदाही घातली नाही. घातली असती तर कुणीतरी विचारलं असतं, तो बंद कुणी केला.

आता आमची मुलगी बंबावर आहे. ठेक्यावर, अकरा महिन्यांच्या करारावर. परवा संध्याकाळी ती घरी आली, तोंड काळं, आवाज बसलेला, पण खुशीत. म्हणाली, नशिराबादच्या अलीकडं जिनिंगला आग होती बाबा, दोन तासांत विझवली. मी विचारलं, गाठी फोडल्या का. तर म्हणे, विम्याचा माणूस बघून जाईपर्यंत फोडायच्या नाहीत असं मालकाचं म्हणणं पडलं, आणि साहेबांनी शेरा दिला. वाचलेल्या गाठी कुठं आहेत विचारल्यावर तिने सांगितलं. ट्रकना वाट हवी म्हणून त्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांना लावून रचल्या होत्या. सातपुड्याच्या पायथ्याकडून हंगामाला आलेली कुटुंबं आहेत ती, लेकरांसकट. भिंतीच्या या बाजूला गाठी, त्या बाजूला पाळणे.

काल सकाळी मी तिला घेऊन इथं आलो. तुमचा मोजा डाव्या हातात चढवला आणि उजवा हात गाठीवर ठेवला. मालक, मुकादम, पाळणा हलवणारी एक बाई, सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. तिसऱ्या गाठीशी थांबून मी म्हणालो, ही गरम आहे. मालक म्हणाला, मला तर गार लागते. पोरीनेही हात लावला आणि कपाळाला आठी घातली. तिला बाजूला घेऊन मी रखवालदाराची गोष्ट सांगितली. सहीची नाही सांगितली. तिने साहेबांना फोन केला. उष्णता दाखवणारा कॅमेरा म्हणे आहे, पण त्याची चार्जिंगची वायर सापडत नाही. विझलेल्या आगीवर बंब पुन्हा पाठवायचा तर तुझ्या जबाबदारीवर लिहून दे, साहेब म्हणाले, आणि काही निघालं नाही तर करार संपल्यावर माझ्याकडं यायचं नाही.

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "बाबा, मला काही लागत नाही हाताला. पण तुम्हाला लागतंय ना?"

मी मान डोलावली.

"मग बस."

मालकाच्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून तिने लिहिलं, की सेवानिवृत्त लिडिंग फायरमनने हाताने तपासले असता गाठीत उष्णता आढळली. खाली सही केली. बंब आला. मजुरांना शाळेच्या व्हरांड्यात हलवलं. मालकाने शिव्या घातल्या, पण गाठी सुट्या मांडू दिल्या. फोडायच्या मात्र नाहीत, विम्याचा माणूस आज पाचला येतो आहे, तोपर्यंत नाही. कालपासून काहीच झालेलं नाही. मुकादम जाता-येता हसतो. मजुरांच्या बायका कधी परत जायचं ते विचारायला येतात, आमी कवय जावानं परत? पोर पाईप जोडून उभी आहे, आणि दर थोड्या वेळाने माझ्या हाताकडं बघते.

आता तुम्हाला सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगणार. साखरेच्या दुखण्याने माझ्या बोटांतली जाण गेली आहे. गेल्या महिन्यात चहाचं उकळतं पातेलं उचललं, तर फोड आलेला बायकोने दाखवला तेव्हा कळला. काल गाठीवर हात ठेवला तेव्हा मला गारही लागलं नाही आणि गरमही नाही. काही म्हणजे काहीच नाही. त्या पाळण्याकडं बघितलं आणि बोलून गेलो. पोरीने ते लिहून सही केली. अशी सही मीही केली होती एकदा, दुसऱ्याच्या बोलण्यावर.

सकाळपासून मी त्या तिसऱ्या गाठीवर डोळे लावून बसलोय. जन्मभर धूर विझवला, आणि आज आतून एकच सारखं वाटतंय, की धूर निघावा. थोडासा. तिची नोकरी राहील एवढा. लाज वाटते आबा, पण तसं वाटतंय खरं.

ती चहा घेऊन येतेय. हा कागद घडी करून मोज्यात सरकवतो, तो तिथंच राहील. आली की ती विचारेल, बाबा, अजून गरम आहे ना. आणि मी गाठीवर हात ठेवून हो म्हणणार आहे.