बिनआडनावाच्या माणसाची खोली

मी, सुप्रभा रघुवीर आगाशे, वय सत्याहत्तर, राहणार लीड्स, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. गुडघे गेले, डोके जागेवर आहे. शंका असेल त्याने मी हयात असेपर्यंत येऊन खात्री करावी. सुयशच्या आग्रहाने केलेले आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. माझे राहते घर मुलगा सुयश, राहणार ब्रिस्टल, यास मिळावे. मात्र खालची, बागेकडची खोली श्री. स्टेनथोर यांच्याकडे ते हयात असेपर्यंत राहील. सुयश म्हणतो, "आई, तो रूम रेंट आउट कर ना. ही इज नॉट फॅमिली." त्याचे उत्तर शेवटच्या कलमात आहे. आधी तिकडे पळू नये.

२. स्टेनथोर कोण, हे कोर्टासाठी. एकोणीसशे एकोणनव्वद साली तो आइसलँडहून बेकथॉर्प टाउन क्लबकडून फुटबॉल खेळायला आला, तेव्हा विशीचा होता. क्लबने त्याची सोय आमच्याकडे केली. तो सुका मासा लोणी लावून खाई. आमचे घर शाकाहारी. मी खिडकी उघडली, त्याला बाहेर काढले नाही. हळूहळू पिठल्यावर आला.

सात वर्षे तो बचावफळीत खेळला. मग क्लबने दुखऱ्या गुडघ्यात दुखणे दाबणारे इंजेक्शन देऊन त्याला मैदानात उतरवले आणि त्याचा खेळ कायमचा संपला. पुढे तो त्याच क्लबचा मॅनेजर झाला, संघाला एक डिव्हिजन वर नेले. गेल्या फेब्रुवारीत चेअरमननी हुकूम सोडला, जखमी कॅप्टनला इंजेक्शन देऊन खेळवा. हा म्हणाला, नाही. संघ हरला आणि याला काढून टाकले. बॅग घेऊन तो थेट माझ्या दारात आला. लोक म्हणाले, संपला. संपला म्हणे! त्या दिवशी मला त्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कप जिंकल्यावरही वाटला नसता. मी गरम पोळ्या लाटल्या.

३. चेअरमननी सही करून दिलेला क्लबचा कॉफीचा मग त्यांना परत करावा. फेब्रुवारीपासून त्यात कोरफड लावली आहे. माती धुऊ नये.

४. माझे कै. यजमान रघुवीर यांची हत्यारपेटी स्टेनथोरला. बागेचे फाटक त्याने तीनदा दुरुस्त केले, सुयशने एकदाही नाही.

५. दीर पुरुषोत्तम, राहणार वेम्बली, यांस एक लाल पेन. कारण त्यांना ठाऊक आहे. इतरांनी पुढे वाचावे.

६. त्याच एकोणनव्वद साली इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या जेवणासाठी नावे द्यायची होती. फॉर्मवर रकाने तीन. मी स्टेनथोरला विचारले, "ग्रीमसन हे आडनाव ना?" तो म्हणाला, "नाही, ग्रीमूरचा मुलगा, एवढाच अर्थ." "मग ते वडिलांचं नाव झालं. आडनाव?" "आमच्याकडे नसतं." बिनआडनावाचा माणूस पंगतीला न्यायचा कसा? मी लिहिले, स्टेनथोर ग्रीमूर आगाशे.

भावोजी तेव्हा मंडळाचे चिटणीस. त्यांनी लाल पेनने आगाशे खोडले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, चुकून लिहिलंत." मी गप्प बसले. त्याची आजही लाज वाटते.

म्हणून येथे लिहून देते की, खालची खोली स्टेनथोर ग्रीमूर आगाशे यांची आहे आणि ते माझ्या घरचे आहेत. तो फॉर्म भरतानाही मी पूर्ण शुद्धीवर होते.

सही: सुप्रभा रघुवीर आगाशे

आमच्यादेखत सही केली:
१. नीना वर्तक, शेजारीण
२. अनुप वर्तक, तिचे यजमान

लीड्स, ३० एप्रिल २००६