अंजनेरीची संजीवनी

रविवार, संध्याकाळ. सातपूर.

अक्काने आठ दिवस इन्सुलिन घेतलेलं नाही, हे आज कळलं. का, तर दाजींनी गेल्या रविवारी अंजनेरीच्या पायथ्याशी घेतलेली संजीवनी! वनस्पतीचा वाळका, आवळलेला गोळा. पाण्यात ठेवला की दुपारभरात हिरवागार उलगडतो. रोज वाळवायचा, पुन्हा भिजवायचा; तेच पाणी अक्का पिते.

"शेठ, मेलेलं उठवते ती, मग साखर उतरवणार नाही? विकणारी बाईच म्हणाली," दाजी मला, कारखानेवाल्या मेहुण्याला, सांगतात. बँकेत मॅनेजर होता हा माणूस. मी दहावी नापास, लेथवर घडलो, पण कान शाबूत आहेत. त्या दिवशी शेजारीच उभा होतो. बाई म्हणाली होती, "औषध नाय दादा. घरात ठेवा, पोरं बघत बसतील." म्हणजे थाप दाजींची, खपवली बाईच्या नावावर.

तोंडावर सुनावलं. दाजी उठून आत गेले.

गोळा समोरच पाण्यात होता, एकेक पान सोडवत. खोटं कशाला लिहू, नजर हटेना. एवढं खरं नवल पुरत नाही का लोकांना? वर आणखी थाप कशाला?

"अक्का, सुई घे आधी."

घेतली तिने. मग हळूच म्हणाली, "बाळू, मला काय कळत नव्हतं? पण लग्नाला तीस वर्षं झाली रे, माझ्यासाठी यांनी आपणहून काही आणलं ते पहिल्यांदाच."

दाजींवरचा राग उतरायला हवा होता. उलट जास्तच चीड आली. तीस वर्षांनी बायकोसाठी काही आणलं, तेही थापेसकट!