पुढे काय बोललीस

कॅम्पबेलटाऊन, सिडनी
१२ फेब्रुवारी २०२३

ती. अकानेसीआत्यास,
लुपेचा शि. सा. न. वि. वि.

आत्या, किल्ली मिळाली! तीन आठवड्यांपूर्वी शुक्रवारी दुपारी वकिलाच्या कचेरीतून फोन आला की कागद सगळे झाले, घर तुमचं. मी तेव्हा वृद्धाश्रमात एका आजोबांची दाढी करत होते. तशीच हातात वस्तरा घेऊन रडायला लागले. आजोबा म्हणाले की पोरी, रडायचं तर खुशाल रड, पण आधी तो वस्तरा खाली ठेव.

सोळा वर्षं फेआओच्या मागच्या अंगणातल्या खोलीत काढली. धाकटा भाऊ म्हणून त्यानं कधी काही कमी केलं नाही, पण दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं. आता एकोणचाळिसाव्या वर्षी चार भिंती माझ्या नावावर झाल्या. घर लहानसंच आहे. दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. त्यातली सकाळच्या उन्हाची खोली तुझी. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतलाय, दारातल्या पायऱ्या काढून उतार केलाय. तुझ्या व्हिसाचे कागद गेल्याच महिन्यात भरलेत. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची, तेव्हापासून तूच माझं माहेर. तू म्हणायचीस की मरताना डोकं लुपेच्या मांडीवर हवं. मरायचं नंतर बघू गं, आधी राहायला तर ये.

इंटरनेटवाल्यांनी मात्र अंत पाहिला. तीनदा येतो म्हणाले, तीनदा टांग मारली. फोन लावावा तर यंत्र बोलतं, एक दाबा, दोन दाबा. दाबून दाबून अंगठा दुखला, पण माणूस काही बोलेना. शेवटी फेआओ धावून आला. तुला बरं वाटेल, रीत सोडली नाही पठ्ठ्यानं. किल्ली द्यायला गेले तर हिरवळीवरच उभा राहिला. म्हणाला, बहीण घरात असताना मी आत कसा येऊ, तू कामावर गेलीस की येतो नि सगळं जोडून जातो. संध्याकाळी येऊन पाहते तर काय, इंटरनेट सुरू, टीव्ही सुरू, दिव्याला हाक मारली की दिवा लागतो! सगळी जोडणी त्यानं आपल्याच नावावर घेतलीय, म्हणजे ती दाबादाबी माझ्या नशिबी नको. दिवाणखान्यातल्या फडताळावर एक पांढरी डबी ठेवून गेलाय. त्यातूनच इंटरनेट येतं वाटतं. मी रोज पुसते.

तू फोनला हात लावायची नाहीस, नाहीतर सगळं दाखवलं असतं. असो. आपल्या वावाउ बेटाकडे निघालेल्या पाद्रीबाईंच्या हाती हे पत्र देतेय. गुडघ्यांना तेल लाव.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
लुपे


नेइआफू, वावाउ
५ मार्च २०२३

चि. लुपेस आत्याचे अ. उ. आ.

पत्र वाचून मी चर्चमध्ये उठून उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं की माझ्या भाचीनं घर घेतलं. पाद्रीसाहेबांचं प्रवचन अर्धं राहिलं. राहू दे, त्यांचं दर रविवारी असतंच. तुझ्या दिवाणखान्यासाठी चटई विणायला घेतलीय. केतकीची पात यंदा चांगली आलीय, बोटं तेवढी ऐकत नाहीत.

आता दोन शब्द रागाचे. घरात आल्या आल्या बूट दारात भिरकावतेस, ते सोड. देवाच्या कृपेनं घर मिळालंय, जरा शिस्त हवी. आणि उभ्याउभ्या कसले घास गिळतेस? ताट घेऊन बसावं, देवाचे आभार मानावे, मग जेवावं. वाळलीस किती! ते केशरी पडदे छान आहेत, पण उन्हानं विटतील. आणि ती आखूड केसांची तुझी मैत्रीण, ती फार मोठ्यानं हसते. हसणाऱ्या माणसाचं मन चांगलं असतं म्हणतात, पण तिला जास्त काही सांगत जाऊ नकोस.

फेआओनं रीत पाळली, हे वाचून डोळे भरले. मी आणि तुझा बाप कधी एका खोलीत टीव्ही पाहायलासुद्धा बसलो नाही. भावाबहिणीत पडदा असतो म्हणून तर मान असतो. मला फोनबिन काही नको. फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं, कागदावरचं उशीखाली राहतं.

तुला दृष्ट न लागो, पोरी.
तुझी आत्या,
अकानेसी


कॅम्पबेलटाऊन
३० मार्च २०२३

ती. आत्यास,
लुपेचा सा. न.

आत्या, तू आहेस तरी कोण? केशरी पडद्यांचं मी तुला कधी लिहिलं? आधी वाटलं, फेआओच्या बायकोनं, सिलिकानं कळवलं असेल. पण तिचं तर अजून पाऊलच लागलं नाही इथे. मग रोवेनाला सांगितलं. रोवेना म्हणजे तीच आखूड केसांची, माझ्यासोबत वृद्धाश्रमात काम करते, मनिलाची आहे. ती पोट धरून हसली. म्हणाली की तुझ्या आत्याला नोकरी दे, पोलिसांचा खर्च वाचेल. गावात लहानपणी म्हणायचेच की अकानेसीला भिंतीपलीकडचं दिसतं. मी मधाच्या बरणीत बोट घातलं की तू शेतातून हाक मारायचीस. तेव्हा घाम फुटायचा, आता हसू येतं.

बूट मात्र ओळीत ठेवते हं आता.

व्हिसाचं काम पुढे सरकलंय. तुझी डॉक्टरी तपासणी तेवढी राहिलीय. खोलीला पिवळा रंग दिला, पलंग ठेंगणा घेतला, उठताना गुडघ्यांना जड जाऊ नये म्हणून. रविवारी चर्चहून आले की आधी त्या खोलीची खिडकी उघडते. नारळाच्या दुधातली मासळी परवा केली होती, पण तुझ्या हाताची चव नाही. लवकर ये बाई.

जीव लावते तसाच लावत राहा.
तुझी,
लुपे


नेइआफू
२४ एप्रिल २०२३

चि. लुपेस आशीर्वाद.

मी येत नाही. डॉक्टरकडे गेले नाही नि जाणारही नाही. पिवळ्या खोलीत दुसऱ्या कुणाला ठेव. म्हातारं माणूस आपल्या गावच्या मातीतच बरं.

जिची जन्मभर भीती वाटली, जिच्या येण्याच्या विचारानं पोटात गोळा येतो, तिला घरात घेऊन काय करशील? तुला मी धाकात वाढवलं हे खरं. धाक नसता तर तू इतकी शिकली असतीस का, हेही एकदा विचार करून बघ.

चटई अर्धी झालीय. सिलिकाला देईन.

अकानेसी


कॅम्पबेलटाऊन
९ मे २०२३

चि. फेआओस,

तुझ्याशी तोंडानं हे बोलणं मला जमणार नाही, म्हणून लिहितेय. पत्र सिलिकाच्या हाती देते. पूर्ण वाच.

काल इंटरनेट बंद पडलं. कंपनीचा माणूस जन्मात पहिल्यांदा वेळेवर आला. मी त्याला पांढरी डबी दाखवली, म्हटलं ही बिघडलीय बहुतेक. त्यानं ती उलटून पाहिली. म्हणाला की बाई, हिचा इंटरनेटशी काही संबंध नाही, हा कॅमेरा आहे. दिसतं तसं ऐकूही जातं, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर जातं सगळं. इंटरनेटचं खोकं म्हणे टीव्हीच्या मागे आहे. तीन महिने मी त्या डबीवरची धूळ पुसत होते रे.

मग आत्याची पत्रं काढून बसले. बूट, पडदे, उभ्यानं जेवण. आणि शेवटच्या पत्रातला पोटातला गोळा. हे शब्द मी आयुष्यात एकदाच उच्चारले, माझ्या दिवाणखान्यात, रोवेनापुढे.

लहानपणी मी आत आले की तू चालू टीव्ही सोडून बाहेर जायचास. सोळा वर्षं तुझ्या अंगणात राहिले, तू कधी माझ्या खोलीच्या दारात आला नाहीस. आणि माझं स्वतःचं घर झालं तेव्हा तू हे केलंस? मी नसताना आलास तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता तुझा. खरं काय ते लिही. आत्याकडे फोन कुठून आला?

लुपे


११ मे २०२३

ती. लुपेताईस,
फेआओचा सा. न.

फोन मी पाठवला, नाताळच्या खोक्यातून. आत्यानं बजावलं होतं की लुपेला कळता कामा नये. ती म्हणाली, पोर एकटी राहणार, दार नीट लावते की नाही, कोण येतं कोण जातं, मला रोज दिसलं पाहिजे. मी म्हटलं की ताईला विचारू या, तर म्हणाली, विचारलं तर ती नको म्हणेल. आता आत्याचा शब्द आपल्या घराण्यात कुणी मोडलाय का, तूच सांग. बापसुद्धा तिच्यापुढे खाली बसायचा.

पण ताई, चर्चमध्ये उभा राहून सांगेन, मी एकदाही उघडून पाहिलं नाही. तू बहीण आहेस. मी लावलं आणि आत्याच्या फोनला जोडून मोकळा झालो. कुणी खोलीत आलं की ते यंत्र तीस सेकंद टिपतं नि थांबतं. पूर्ण टिपायचं तर दर महिन्याला जास्त भरावं लागतं, म्हणून मी साधंच घेतलं. म्हणजे आत्यानं सगळं ऐकलेलं नाही, हे तिलाही मी कळवलंय.

चुकलो. सिलिका दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. पोरांसाठी तरी रविवारी जेवायला ये. मी बाहेर चुलाणापाशीच थांबेन.

तुझा अपराधी,
फेआओ


नेइआफू
२८ मे २०२३

चि. लुपेस आत्याचे अ. उ. आ.

फेआओनं सगळं सांगितलं. मी माफी मागावी अशी तुझी इच्छा असेल. आत्या भाचीची माफी मागत नाही, आपल्यात तशी रीत नाही. पण कागदावर कोण बघतंय? चुकलं माझं.

तुला काय वाटतं, मी पहारा ठेवला होता? सुरुवातीला तसंच होतं, खोटं कशाला बोलू. पण पहिल्याच दिवशी तू दारातून आत आलीस, बूट भिरकावलेस आणि कोचावर पडलीस. अगदी शाळेतून यायचीस तशी. सोळा वर्षांत मी तुला पाहिलं नव्हतं गं. मग रोज संध्याकाळची वाट बघायला लागले. विणकाम पडून राहायचं. तीस सेकंद तर तीस सेकंद, माझी पोर दिसायची. तुला सांगितलं असतं तर तू डबी काढून टाकली असतीस, म्हणून गप्प राहिले, आणि वर मला फोन नको म्हणून शहाजोगपणे लिहीत राहिले.

आणि मग तो रविवार आला. तू त्या रोवेनाच्या शेजारी बसलीस आणि म्हणालीस की आत्या येणार या विचारानं पोटात गोळा येतो, जन्मभर तिला घाबरतच आले, पण. त्या ‘पण’ वर ते मेलं यंत्र बंद पडलं. मी रागाच्या भरात तुला पत्र लिहिलं. ‘पण’ ऐकला होता, तरी ऐकला नाही असं केलं. आता दुसरं काही सुचत नाही. तो तुकडा मी किती वेळा पाहिला त्याला गणती नाही. जेवण जात नाही.

लुपे, पुढे काय बोललीस? एवढंच सांग. वाईट असेल तर वाईट सांग. मी सत्तरी ओलांडली, सोसेन. तपासणीही करून घेईन, म्हणशील ते करीन. पुढे काय बोललीस तेवढं कळव.

तुझ्या एका ओळीची वाट पाहणारी,
आत्या


कॅम्पबेलटाऊन
१८ जून २०२३

ती. अकानेसीआत्यास,
लुपेचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. डबी काढून फेआओकडे पाठवली. इंटरनेट माझ्या नावावर करून घेतलं. अडीच तास फोन कानाला लावून बसले, पण शेवटी माणूस बोलला. कुलूपही बदललं. आता माझ्या घरात जे जे चालतं त्याची सगळी सूत्रं माझ्याच हाती आहेत. तरी दिवाणखान्यात बसवत नाही मला. जेवण स्वयंपाकघरात करते, तेही भिंतीकडे तोंड करून. सोळा वर्षं राबून घर घेतलं, आणि तीन महिन्यांत ते परकं झालं. चोरानं केलं असतं तर पोलिसांत गेले असते. तू केलंस, आता कुठे जाऊ?

तुला माझी आठवण येत होती हे मी मानते. वाचून रडलेही. पण आत्या, मलाही तू दिसत नव्हतीस. मी काय केलं? खोलीला रंग दिला.

व्हिसाचे कागद मी मागे घेतलेले नाहीत. तपासणीचं पत्र सोबत आहे. यायचं की नाही ते तू ठरव. आलीस तर तुझा मान तुला मिळेल. चांगली चटई तुझी, पहिलं ताट तुझं, तुझ्यासमोर मी कधी आवाज चढवणार नाही. तुझी दुखणीखुपणी काढेन, तो माझा रोजचा धंदाच आहे. लोक म्हणतील, भाची असावी तर अशी.

पण जे मागतेस ते मिळणार नाही. यंत्र थांबल्यावर आम्ही दोघी त्या कोचावर आणखी तासभर बसलो होतो. तुझ्याबद्दलच बोलत होतो. मी काय म्हणाले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं, आणि ते ऐकून रोवेनाचे डोळे का भरले तेही आठवतं. तू कधी एका ओळीत विचारलं असतंस की लुपे, तुला माझी भीती वाटते का, तर मी हो म्हणून लिहिलं असतं. आणि त्या ‘पण’ च्या पुढचंही सगळं लिहिलं असतं, चार पानं भरून. तू विचारलं नाहीस. चोरून बघितलंस. बघून जेवढं हाती लागलं तेवढंच आता तुझं.

जूनची थंडी पडली असेल, पाय गरम ठेव.

लुपे