साहेबांचं ‘हाय’

सातारा, ६ जानेवारी २०२५

ती. सोनियाताईस,
अपेक्षाचा शि. सा. न. वि. वि. फोनवर तुझ्याजवळ सासूबाई असतात, म्हणून पत्र.

ताई, मी फार घाबरलेय. कारखान्यातल्या पत्रा दाबायच्या नव्या प्रेसमध्ये हात गेला की ती थांबवणारा सेन्सर कधीकधी उशिरा चालतो. भर मीटिंगमध्ये मी आमच्या जपानी साहेबांना, मोरीसानना, म्हटलं, तुमचं चुकतंय, ट्रायल थांबवा. ते मान हलवत हाय, हाय म्हणाले. जपानीत ‘हाय’ म्हणजे हो, मला वाटलं, पटलं! आज बोर्डावर लागलंय: पुढच्या सोमवारी ट्रायल, मशीनवर दाजी.

आमची दुभाषी मुबश्शिरा सांगते, त्यांचं ‘हाय’ म्हणजे नुसतं ‘ऐकतोय’. शिवाय चारचौघांत बोलल्यापासून ते माझ्याकडे बघतही नाहीत. दाजींना सांगितलं, तर हसले. म्हणाले, साहेब समद्यांफुडं हाय म्हणाला, म्या ऐकलंय. सेन्सर दुरुस्त झाला आसंल, तू लय भितीस. आता मी काय करू?

तुझी,
अपेक्षा

कडेगाव, ८ जानेवारी

चि. अपेक्षास,
अनेक आशीर्वाद. पत्र वाचलं. यांना फोन केला, तर मलाच भित्री म्हणाले.

शहाणे, थोरल्या माणसाची चूक सगळ्यांदेखत काढतात का? मामंजी ओढ्याकाठी गोठा बांधायला निघाले, तेव्हा मी नाही म्हटलं नाही. ते एकटे असताना चहा देत विचारलं, पाणी चढलं तर म्हशी कुठं बांधायच्या? त्यांनीच जागा बदलली. तूही एकटीनं जा. सांगू नकोस, विचार. पण सोमवारच्या आत जा गं, तुझ्या पाया पडते.

ताई

सातारा, १३ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. आधी हे वाच: दाजी धडधाकट आहेत.

शुक्रवारी मुबश्शिराला घेऊन गेले. विचारलं, सेन्सर उशिरा चालला तर माणसानं हात कुठं ठेवायचा? मोरीसाननी दातांतून श्वास ओढला, मग म्हणाले, माणसाला घेऊन ट्रायल जरा कठीण आहे. मी बाहेर येऊन रडले. मुबश्शिरा म्हणाली, अगं, हेच त्यांचं ‘नाही’. तरी माझा विश्वास बसेना.

आज सकाळी ट्रायल झाली. मोरीसाननी दाजींना मागं उभं केलं आणि हाताच्या जागी स्वतः बांबूची काठी धरली. पहिल्या चार वेळा प्रेस थांबली. पाचव्यांदा थांबली नाही. काठीचा तुकडा दाजींच्या बुटापाशी येऊन पडला.

दाजी सुट्टी होईपर्यंत उजवा हात खिशातून काढेनात. जेवलेही नाहीत. शनिवारी घरी येतील तेव्हा काही विचारू नकोस, नुसतं जवळ बस.

माया आहेच, अशीच राहू दे.

तुझी,
अपेक्षा