आधी कोण आणणार?

४ मार्च, मंगळवार

इंटरनेट संपलं! महिना आत्ता कुठे सुरू झालाय आणि अख्ख्या महिन्याचा डेटा फस्त. माझं पुस्तकाची पानं मांडायचं काम अर्धवट, प्रकाशक डोक्यावर बसलेला, आणि स्क्रीनवर नुसतं एक गोल चक्र फिरतंय. त्याच्याकडे बघून मलाच गरगरायला लागलं.

कारण काय, तर अपडेट. आमच्या कॉम्प्युटरने भलंमोठं अपडेट उतरवलं, आणि पलीकडे भाऊजींच्या कॉम्प्युटरनेही नेमकं तेच. एकच वस्तू, दोनदा! घर एक, चुली दोन आणि लाइन एक — त्याचा हा परिणाम. लाइनचा डबा आईंच्या खोलीत. खोली मधोमध, तिचं एक दार आमच्याकडे उघडतं, एक भाऊजींकडे. मधली भिंत ह्यांनी आणि भाऊजींनी फाटकाच्या भांडणावरून घातली. फाटक आत उघडावं की बाहेर, एवढ्यावरून! सख्खे भाऊ, एक चष्म्याच्या दुकानात लोकांना लांबचं दाखवतो, दुसरा घरांचे नकाशे काढतो, आणि दोघांना एक फाटक उघडता आलं नाही. तेव्हापासून अबोला.

आज दोघांनी आईंमार्फत भांडून घेतलं.

"आई, त्याला सांग, सगळा डेटा त्याने संपवला."

"आई, दादाला सांग, आधी स्वतःचं बघ."

आई मध्ये खुर्चीवर बसून स्क्रीनवर पत्ते खेळत होत्या. म्हणाल्या, "दोघांनाही दोघांचंही ऐकू आलंय. मी काय वेगळं सांगू?"

६ मार्च, गुरुवार

लाइनवाला आला. समजूतदार माणूस. या महिन्यापुरता जादा डेटा टाकून दिला आणि तिन्ही कॉम्प्युटरवर काहीतरी चालू केलं. म्हणाला, "आता एकाने अपडेट बाहेरून आणायचं. ते त्याच्याकडे साठवलेलं राहतं. बाकीचे दोन घरातल्या घरात त्याच्याकडून घेतील. डेटा एकदाच जाईल. फक्त सगळ्यांनी एकदम सुरू करू नका."

किती सोपं! पण ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे त्याने आणलेलं मी घ्यायचं?"

आणि पलीकडच्या दारातून, जसाच्या तसा आवाज, जसाच्या तसा ठसका — "म्हणजे दादाने आणलेलं मी घ्यायचं?"

लाइनवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

९ मार्च, रविवार

नवीनच प्रकार सुरू झालाय. त्याच्याकडून घ्यायचं नाही म्हणणाऱ्या ह्यांना आता त्याच्याकडूनच घ्यायचंय! म्हणजे डेटा भाऊजींचा खर्च होईल, हे आयतं घेणार. अरे पण डेटा दोघांचा एकच आहे ना? हे मी म्हटलं, तर म्हणाले, "प्रश्न डेटाचा नाही. आधी कोण वाकतं त्याचा आहे."

अपडेटची पाटी आली की 'नंतर' वर बोट. पुन्हा आली, पुन्हा 'नंतर'. आणि मला ताकीद — "तू हात लावायचा नाहीस."

गच्चीवर कपडे वाळत घालताना धाकटी भेटली. आम्हा जावांचा अबोला वगैरे काही नाही, आम्हाला कामं असतात. म्हणाली, "ताई, आमच्याकडे ह्यांनी 'नंतर, नंतर' करत जपच लावलाय."

१२ मार्च, बुधवार

हे जिंकले! सकाळी कॉम्प्युटर उघडला तर अपडेट आलेलं, आणि खाली ओळ — घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरकडून मिळालं. "बघितलंस? वाकला! शेवटी त्यानेच आणलं!" अंघोळ करताना गात होते. लग्नातही गायले नव्हते.

१३ मार्च, गुरुवार

गच्चीवर धाकटी हसत हसत आली. "ताई, काल आमच्या ह्यांनी स्वतः चहा केला, मलाही दिला. म्हणे दादा वाकला! शेवटी त्यानेच आणलं!"

मी ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी.

"आमच्याकडे तर भाऊजींनी आणलं म्हणून आनंद चाललाय."

"मग आणलं कुणी?"

दोघींनी एकदमच खाली आईंच्या खिडकीकडे पाहिलं.

१४ मार्च, शुक्रवार

मुद्दाम आईंच्या खोलीत जाऊन बसले. आईंचा कॉम्प्युटर कुणाच्या खिजगणतीतच नाही. पत्ते खेळायचे आणि व्हिडिओवर बहिणीचं, म्हणजे मावशींचं, तोंड बघायचं, एवढाच त्याचा उपयोग, असं सगळे धरून चालतात. थोड्या वेळाने पाटी आली. आईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि टिचकी मारली. 'हो'.

"आई, काय होतं ते?"

"काय माहीत. काहीतरी विचारत होतं."

"मग तुम्ही हो म्हणालात?"

"अगं, विचारतंय बिचारं इतक्या नम्रपणे. तुम्ही सगळे त्याला नंतर ये, नंतर ये करता. ताटकळायला लावायचं म्हणजे काय!"

म्हणजे या घरात अपडेट आणतात त्या आई! दोन्ही दिग्गज त्यांच्याकडूनच घेतात आणि एकमेकांना हरवल्याच्या आनंदात फिरतात. मी सगळं समजावून सांगितलं. आईंना फार गंमत वाटली. म्हणाल्या, "सांगू नकोस हो त्यांना. खूश आहेत दोघं."

या हो म्हणण्याचे इतरही परिणाम दिसले. आईंच्या स्क्रीनवर एक मांजर आडवी चालत असते, जाता जाता पत्त्यांवर बसते. आणि कोपऱ्यात कुठल्याशा बर्फाळ गावाचं हवामान. आईंना त्या गावाची आता काळजी वाटते. "आज फार गारठा आहे गं तिथे," म्हणाल्या.

१७ मार्च, सोमवार

आई मावशींकडे गेल्या. मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सोबतीला कुणी नाही. जाताना कॉम्प्युटरचं बटण बंद केलं, वायर काढली, वर चादर घातली. मांजरीला म्हणाल्या, "येते हं."

दोन्ही मुलं सोडायला निघाली. एक पुढच्या दाराने, एक मागच्या, आणि समोरासमोर आली तशी दोघंही परत फिरली. आई रिक्षावाल्याच्या मदतीने एकट्याच बॅग ठेवून बसल्या.

२१ मार्च, शुक्रवार

प्रकाशकाने पुस्तकाच्या शेवटच्या फाइली पाठवल्या. उघडेनात! नवीन अपडेट हवं म्हणे. पानं सोमवारी छपाईला जायची आहेत. नाही गेली तर पुढचं पुस्तक दुसऱ्या कुणाला देईन, असं प्रकाशक फोनवर अगदी गोड आवाजात म्हणाला. त्याचा गोड आवाज मला ठाऊक आहे.

ह्यांना म्हटलं, "आणा हो ते अपडेट."

"तो आणेल. नेहमी तोच आणतो."

आता काय सांगू! तोंडापर्यंत आलं होतं. आईंना दिलेला शब्द म्हणून गिळलं.

२२ मार्च, शनिवार

दुपारी हे दुकानात गेल्यावर मी 'हो' वर टिचकी मारली. गेली उडत ताकीद! पट्टी हलायला लागली, हलली, हलली — आणि थांबली. गोल चक्र. इंटरनेट संपलं!!

गच्चीवर पळाले. धाकटी आधीच वर आलेली, नखं खात.

"ताई, एक चूक झाली. माझ्या शाळेतल्या मुलांच्या प्रश्नपत्रिका उघडेनात, म्हणून मी गुपचूप ते अपडेट…"

"कधी?"

"आत्ता, जेवणं झाल्यावर."

मी भिंतीला टेकून खालीच बसले. तीही बसली. दोघींनी एकदम सुरू केलं, त्यामुळे कुणाकडेच दुसऱ्याला द्यायला काही नव्हतं. लाइनवाल्याने हेच करू नका म्हणून सांगितलं होतं. मग आम्हाला जे हसू सुटलं, ते धाकटीला उचकी लागेपर्यंत.

हसून झाल्यावर आठवलं, माझी पानं तशीच आहेत.

२३ मार्च, रविवार

झालेलं सगळं लगेच लिहून ठेवते.

सकाळी हे लाइनचा डबा बघायला आईंच्या खोलीत गेले. त्याच वेळी पलीकडच्या दारातून भाऊजी! मध्ये आई नाहीत. सांगायचं कुणामार्फत? हे चादर घातलेल्या कॉम्प्युटरकडे बघून म्हणाले, "काही लोकांना धीर म्हणून नसतो."

भाऊजी डब्याकडे बघून म्हणाले, "काही लोक चोरून टिचकी मारतात."

मी माझ्या दारात, धाकटी तिच्या दारात.

मग फुटलंच. "मी? अरे, मी आयुष्यात अपडेट आणलं नाही!" हे ओरडले. सरळ त्याच्या तोंडावर!

"दादा, खोटं बोलू नकोस! मागचं तू आणलंस!"

"मागचं तू आणलंस! मी तुझ्याकडून घेतलं!"

"मी तुझ्याकडून घेतलं!"

दोघांनी हळूहळू माना वळवल्या, चादरीकडे. भाऊजींनी चादर उचलली, जणू खाली कुणी झोपलंय. वायर जोडली, कॉम्प्युटर लावला. मांजर आली आणि आडवी चालत गेली. आणि तिथेच होतं सगळं, आधीचं एकूण एक अपडेट नीट साठवून ठेवलेलं.

हे आईंच्या पलंगावर बसले. भाऊजी शेजारी बसले. जागा तेवढीच होती म्हणून असेल.

"आपण दोघंही गाढव आहोत," हे म्हणाले.

"तू मोठा आहेस," भाऊजी म्हणाले.

मग चष्मेवाला हसला आणि नकाशेवालाही. मी आणि धाकटी आत गेलो नाही. आम्ही दोघी रडत होतो आणि ते त्यांना दाखवायचं नव्हतं.

मग भाऊजी आमचा कॉम्प्युटर उचलून त्यांच्या मित्राच्या ऑफिसात घेऊन गेले. हे मागे वायर धरून, "सांभाळ, सांभाळ, पायरी आहे!" संध्याकाळी अपडेटसकट परत. "वहिनी, घ्या. आता बसा कामाला."

२४ मार्च, सोमवार

भाऊजींच्या मित्राच्या ऑफिसातून पानं गेली! प्रकाशकाचा आवाज खरोखरचा गोड.

२७ मार्च, गुरुवार

दोघांचं तोंड आता बंद होत नाही. इतक्या वर्षांचं साठलेलं. धाकटी म्हणाली, "ताई, पूर्वी बरं होतं का हो?"

रविवारी आईंना आणायला दोघं मिळून जाणार. खोलीला रंग देऊन झालाय. कुठला रंग, यावरून फक्त थोडं वाजलं.

३० मार्च, रविवार

दोघंच परत आले. आई मावशींकडेच राहणार, कायमच्या. "किती वर्षांपासून दोघी बहिणींना एकत्र राहायचं होतं. तुम्ही बोलत नव्हता म्हणून मी अडकले होते. आता सुटले," असं हसत म्हणाल्या म्हणे, आणि दोघांच्या पाठीवर हात फिरवून निरोप दिला.

येताना घराजवळ आल्यावर भाऊजी म्हणाले, "दादा, परत भांडायचं का?"

हे म्हणतात, "मी खरंच विचार केला."